बाळाचा इसब: घराण्यातून काय आलं आणि घरातून काय येतंय, हे कसं शोधायचं

मुलगी चार महिन्यांची होती तेव्हा तिच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. रात्रभर डोकं घासायची, सकाळी दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. सासूबाई म्हणाल्या, अंगातली उष्णता आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, गजकर्ण. एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब हातात आली. तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिघंही तिच्यात एकत्र. अशी ट्यूब बाळाला लावू नका. आम्ही चार दिवस लावली, गाल गुळगुळीत झाले, आणि थांबवल्यावर दुप्पट पेटले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा इसब आहे, कुणाचा कुणाला लागत नाही. मुलगी आता सात वर्षांची आहे. या सात वर्षांत ज्या क्रमाने मी कारणं शोधली, तो क्रम सांगते.

आधी कागद घ्या आणि घराणं लिहा. दोन्ही बाजूंचे आईवडील, मावश्या, काका, आजी-आजोबा. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: लहानपणी इसब होता का, दमा आहे का, धुळीने शिंकांची माळ लागते का? हे तिन्ही एकाच कुळातले आजार आहेत. आमच्याकडे माझ्या वडिलांना दमा, आणि नवऱ्याला गादी झटकली की पंधरा-वीस शिंका. एका पालकाकडून असं काही आलं तर बाळाचा धोका वाढतो, दोघांकडून आलं तर आणखी वाढतो.

मग बाळाचा तळहात उजेडात धरा. माझ्या मुलीच्या हातावर रेषाच रेषा आहेत, जणू म्हाताऱ्या माणसाचा हात. आई म्हणायची, नशीबवान आहे पोरगी. डॉक्टरांनी त्याच हातावर बोट ठेवून फिलॅग्रिनबद्दल सांगितलं. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारं आणि त्यात ओल धरून ठेवणारं हे प्रथिन. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवला. मी शिवणकाम करते, म्हणून मला ते कापडाच्या भाषेत कळलं: वीण झिरझिरीत आहे, आतली ओल उडते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. तळहातावरच्या दाट रेषा ही या दोषाची खूण असू शकते, पण रेषा म्हणजे पुरावा नव्हे. दोष असूनही कित्येकांना इसब होत नाही, आणि इसब असलेल्या कित्येक मुलांत हा दोष सापडतही नाही. जनुक बदलता येत नाही. म्हणून बाळंतपणात काय खाल्लंस, असं कुणी विचारलं तर मनाला लावून घेऊ नका.

आता घर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री दोन शब्द लिहा: खाज किती, आणि आज वेगळं काय झालं. वर्षभरात आमच्या कॅलेंडरवर दोन काळे पट्टे दिसले, एक डिसेंबर-जानेवारीचा आणि एक मेचा. नागपूरची कोरडी थंडी त्वचेची ओल ओढून घेते. मेमध्ये पारा 45 च्या पुढे गेला की घाम कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचेत साचतो आणि तिथे आग होते.

आंघोळीत आमच्या सगळ्यात जास्त चुका होत्या. कढत पाणी, बेसनाचा गोळा रगडणं, मोहरीचं तेल आणि वर साबण. आमचं बोअरवेलचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही म्हणून आणखी साबण, आणि तो अंगावर राहून जातो. यावर पाणी मऊ करणारं महागडं यंत्र घेऊ नका. इसब असलेल्या मुलांवर ते तपासून पाहिलं गेलंय, फायदा दिसला नाही. साबण सोडा, सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर घ्या. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं, टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच ओल धरून ठेवणारं साधं मलम. हात सैल सोडून लावा. डॉक्टर आठवड्याला पाव किलो म्हणाले तेव्हा मी हबकले होते, कारण माझी छोटी डबी महिना पुरत होती. सुजलेल्या चट्ट्यांवरचं स्टेरॉइड मात्र मोजून: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेंड्यापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबची रेघ, ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोणतं आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

कपडे माझ्या हातातले. लोकर आणि नेटचा फ्रॉक थेट अंगाला लागू देऊ नका, आत सुती बनियान हवंच. मानेचं लेबल उसवून काढा, कापू नका, कापलेली कड जास्त टोचते. ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाची कड बांधणारी शिवण आतून कशी लागते ते पाहायला कपडा उलटा करून स्वतःच्या गालावर घासा. मी तिचे झबले शिवण बाहेर ठेवून शिवले. लोक म्हणायचे, काहून वो, उलटं घातलं का? मी म्हणायचे, घालू द्या तसंच.

उन्हाळ्यात कूलर वापरायला काढण्याआधी त्याच्या ताट्या बदला, टाकी घासा. कुबट वास म्हणजे बुरशी. गाद्या-उशा धुळीतल्या किड्यांचं घर असतात. खोळी गरम पाण्यात धुवा, आणि झटकताना मूल खोलीत नको. बिडी-सिगारेट घरात नाहीच, आणि धूप-अगरबत्ती बाळाच्या खोलीबाहेर.

चट्ट्यांतून पाणी किंवा पिवळी खपली येऊन ताप आला, किंवा दुखणारे बारीक फोड झुपक्याने उठले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका.

खाण्याबद्दल घरोघरी सल्ले मिळतील. दूध बंद करा, अंडं बंद करा. डॉक्टरांशिवाय काहीच बंद करू नका, मूल अशक्त होतं आणि खाज तशीच राहते. आम्ही तिची संत्री दोन हंगाम तोडली होती, कारण खाल्ल्यावर ओठांभोवती लाल व्हायचं. ते आंबट रसाने चरचरलेलं होतं, तिच्या बाबतीत अ‍ॅलर्जी नव्हती. आता खाण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलीनचा हात फिरवते, खाऊन झालं की ओल्या फडक्याने टिपते. मृग बहराची संत्री आली की पायरीवर बसून ती एका वेळी दोन संपवते.