केसांना तेल आणि बटर लावताय? या चुका टाळा

वाटीभर तेल डोक्यात जिरवलं, रात्रभर ठेवलं, सकाळी धुतलं आणि दुपारपर्यंत टोकं पुन्हा खराट्यासारखी. ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: आणखी तेल. मग शिया बटर येतं, त्यामागून एरंडेल येतं, शेवटी "मला तेल सूटच होत नाही" असा निकाल लागतो. तेल बहुतेक वेळा निर्दोष असतं. चुकलेली असते ती वेळ, क्रम आणि मात्रा.

तेलाला ओलावा समजणं

ही सगळ्या चुकांची आई आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

तेलात पाणी नसतं. तुपात नसतं, शिया बटरमध्ये नसतं, कोकमच्या बियांपासून काढलेल्या भिरंडेलातही नसतं. केसाचा मऊपणा त्याच्या आतल्या पाण्यावर असतो. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरू शकतो. तेल ते पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतं, एवढंच. जमीन भेगाळलेली असताना वर पाचटाचं आच्छादन अंथरलं तर पीक येत नाही. आधी पाणी, मग आच्छादन. कोरड्या ठक्क केसांवर तेल चोळलं की चमक येते, बोटांना गुळगुळीत लागतं आणि आतला कोरडेपणा जागच्या जागी राहतो.

"पण आजी तर कोरड्याच केसांना तेल लावायची" हा प्रश्न येतोच. आजीचं बरोबर होतं, कारण ती ते धुण्याआधी लावायची. धुण्याआधीचं तेल आणि धुतल्यानंतरचं तेल ही दोन वेगळी कामं आहेत आणि निम्मा गोंधळ ती एकत्र केल्यामुळे होतो.

धुण्याआधीचं तेल केसाला धुण्यापासून वाचवतं. पाण्यात केस फुगतो, वाळताना आकसतो, दर वेळी थोडी प्रथिनं गमावतो. इथे नारळाच्या तेलाची बरोबरी बाकीची तेलं सहसा करत नाहीत. त्यातलं जवळजवळ निम्मं मेदाम्ल लॉरिक असतं, त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी नारळ, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. प्रथिनांचं नुकसान कमी झालं ते फक्त नारळतेलाने. नारळतेल विकणाऱ्या कंपनीनेच हे सांगावं यावर हसायला हरकत नाही, पण निष्कर्षामागचं रसायनशास्त्र सरळ आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे, कमरेपर्यंतच्यांना तीन. धुण्याआधी तास-दोन तास. वाटीभर तेल लागत नाही. जास्तीचं सगळं उशीच्या अभ्र्याला आणि गटाराला जातं.

धुतल्यानंतरच्या तेलाचं काम पाणी अडवणं. केस सुती पंच्याने दाबून टिपायचे, रगडायचे नाहीत. पाणी ठिबकायचं थांबलं पण केस अजून गार आणि ओलसर लागतायत, ही वेळ. तळहातावर तीन-चार थेंब, दोन्ही हात चोळून पातळ थर, आणि तो फक्त कानांच्या खाली येणाऱ्या केसांना. टाळूला नाही. बटर असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं. बोटाला कमी वाटतं, म्हणून लोक पुन्हा डबीत बोट घालतात आणि इथेच चुकतात. दहा मिनिटं थांबा, मग ठरवा.

एरंडेल: निव्वळ, भरपूर, रात्रभर

एरंडेल नारळतेलापेक्षा दहा पटींहून जास्त दाट असतं. त्यातलं ८५ ते ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलिक, आणि तोच या चिकटपणाचा धनी. भुवयांना काडीभर लावणं वेगळं आणि लांब केसांच्या संभारावर ओतणं वेगळं.

काय होऊ शकतं याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. २०१७ मध्ये केसांच्या आजारांना वाहिलेल्या एका वैद्यकीय नियतकालिकात वीस वर्षांच्या एका तरुणीची नोंद छापून आली. लांब केस, एरंडेल आणि नारळतेल लावलं, नंतर डोक्यावरून अंघोळ. धुतल्यानंतर केसांचा पक्ष्याच्या घरट्यासारखा घट्ट गोळा झाला. कुठलं रसायन नाही, पार्लर नाही. गुंता सुटला नाही आणि शेवटी केस कापावे लागले. वैद्यकीय भाषेत याला केसांचं नमदा होणं म्हणता येईल, कारण लोकरीचा नमदा (तंतू दाबून बनवलेलं जाड कापड) याच तत्त्वावर बनतो: ओल, घर्षण आणि एकमेकांत अडकणारे खवले.

केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात. पाण्याने केस फुगला की ते उचलले जातात. त्यात दाट, चिकट तेलाने केस एकमेकांना धरून ठेवलेले. त्यावर सगळे केस डोक्यावर गोळा करून, फेस काढत गोल गोल चोळलं की खवले खवल्यांत अडकतात आणि पाच मिनिटांत काम तमाम. अशी घटना दुर्मीळ आहे. पण तिच्या लहान आवृत्त्या, म्हणजे मानेवरचा न सुटणारा गुंता आणि कंगव्याबरोबर येणारा पुंजका, घरोघरी दिसतात आणि दोष "केस गळतायत" यावर जातो.

आपल्याकडे अशा गोळ्याला जट म्हणून देवीचा कौल मानायची प्रथा आहे आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं समजावून अशा जटा कापून देत आले आहेत. तेव्हा एवढं स्पष्ट सांगायला हवं: गुंत्यामागे तेल, मळ, घर्षण आणि न विंचरणं असतं. कौल नसतो.

एरंडेल वापरायचंच असेल तर एक भाग एरंडेल, चार भाग नारळ किंवा तीळतेल. म्हणजे एका वेळच्या १५ मिलीमध्ये ३ मिली. लावण्याआधी केस पूर्ण विंचरलेले हवेत, लावल्यावर सैल वेणी. धुताना केस खाली सोडलेले, हात वरून खाली. गुंता होतोय असं लक्षात आलं तर पाणी ताबडतोब बंद. त्यावर कंडिशनर किंवा पातळ तेल भरपूर घालून टोकांकडून वर, बोटांनी, एकेक बट सोडवायची. तासभर लागेल. कंगवा आणि घाई या दोन गोष्टी तोपर्यंत बाजूला.

रीलमधलं शिया बटर आणि आपले केस

शिया हे पश्चिम आफ्रिकेतलं झाड. घाना, बुर्किना फासो या भागात बायका त्याच्या बियांचं लोणी पिढ्यान्पिढ्या काढत आल्या आहेत. दाट कुरळ्या केसांत टाळूचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरतच नाही, त्यामुळे तिथे पाणी, त्यावर तेल, त्यावर बटर असे तीन थर शहाणपणाचे आहेत. हीच तीन थरांची कृती जुलैमधल्या मुंबईत, सरळ आणि बारीक केसांवर केली की तिसऱ्या दिवशी डोकं चिकट कागदासारखं होतं. केस बोटाभोवती गुंडाळला आणि जाणवलाच नाही, तर तो बारीक. अशा केसांना बटर धुतल्यानंतर लावूच नका, धुण्याआधी फक्त टोकांना लावा. जाड, कुरळे किंवा रंगवलेले केस असतील, एप्रिलमधला मराठवाडा असेल, तर बटर कामाचं.

बटर कणीदार होणं

घरी फेटलेलं बटर आठवड्यात रव्यासारखं लागतं आणि दोष दुकानदाराला दिला जातो. शियामध्ये वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे मेद असतात. ते सावकाश गार झालं की लवकर गोठणारे आधी वेगळे होऊन त्यांचे दाणे बनतात. मे महिन्यात डबी दिवसा वितळते, रात्री हळूहळू गोठते, आणि दाणे तयार. ते खराब झालेलं नसतं, फक्त केसांत पांढरे कण राहतात.

१०० ग्रॅमचं प्रमाण: शिया ५० ग्रॅम, कोकम बटर १५ ग्रॅम, गोडं बदामतेल किंवा तीळतेल ३५ ग्रॅम. कोकम बटर ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून उन्हाळ्यात ते डबीला आधार देतं. थंडीत ते ५ ग्रॅमवर आणा आणि तेल ४५ ग्रॅम करा, नाहीतर चमचा वाकेल. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून सगळं पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वितळवा. एकही तुकडा शिल्लक नको, कारण तोच पुढच्या दाण्याचं बी ठरतो. मग वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत ढवळा. कडा पांढुरक्या झाल्या की फेटायला घ्या. "आपोआप गार होऊ दे" म्हणून ओट्यावर सोडून जाणाऱ्यांचं बटर कणीदार होतं, दर वेळी.

नुसतं कोकम बटर केसांना लावण्याच्या भानगडीत पडू नये. ते टाचांच्या भेगांसाठी उत्तम आहे, केसांवर मेणाच्या रेघा उठतात.

कोरफडीचा ताजा गर बटरमध्ये

नको. निव्वळ तेल-बटरमध्ये जंतू वाढत नाहीत कारण पाणी नसतं. गर, गुलाबपाणी, भाताची पेज, काहीही पाणचट घातलं की ती डबी बुरशीचं घर होते, आणि बुरशी डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. "व्हिटॅमिन ई घातलंय, टिकेल" हे चूक आहे. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना अडवत नाही. फ्रीजमध्ये ठेवणं हा उपाय नव्हे, पुढे ढकलणं आहे. कोरफड लावायचीच तर पान कापल्यावर पिवळा चीक दहा-पंधरा मिनिटं गळू द्या, गर ओल्या केसांना त्याच वेळी लावा आणि उरलेला टाकून द्या.

कोंड्यावर तेलाचा मारा

कोंड्याचे पांढरे पापुद्रे बघून "टाळू कोरडी झालीय" असं ठरवतात आणि तेल थापतात. खरा कोंडा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टशी, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीशी, जोडलेला आहे आणि ते मेदावर जगतं. प्रयोगशाळेत ते वाढवायचं तर खाद्य म्हणून ऑलिव्ह तेल घालतात! तुम्ही घरी रात्रभर तेच करता. पापुद्रे तेलकट, पिवळसर आणि खाज असेल तर टाळूला तेल बंद, टोकांना चालू. कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शॅम्पू पाच मिनिटं ठेवून धुवायचा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. तरीही थांबलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ.

कपाळावर, केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या येत असतील तर तेही बहुधा तेल-बटरचंच देणं.

तेल निघतच नाही

आधी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं की तेल पाण्याला झटकून टाकतं आणि शॅम्पू वरवर फिरतो. उलटं करा. मगमध्ये एक भाग शॅम्पू, चार भाग कोमट पाणी. हे मिश्रण तेलकट केसांच्या मुळांशी ओता, मिनिटभर हलक्या हाताने चोळा आणि मगच पाणी. शिकेकाईने नारळतेल निघतं, शिया बटर नीट निघत नाही, कारण तिचा फेस तेवढा ताकदीचा नाही. दिवाळीच्या अभ्यंगात उटणं तेल टिपून घेतं ते अंगावरचं, तो हिशेब डोक्याला लावू नका. अंगाचा साबण डोक्याला नकोच, बोअरच्या जड पाण्यात त्याचा न निघणारा साका केसांवर बसतो.

बाकीच्या, थोडक्यात

तेल लावून वर दोनशे अंशांची इस्त्री फिरवू नये. तळलं जातं.

थंडीत नारळतेल २४-२५ अंशांखाली गोठतं, ते शुद्धतेचं प्रमाणपत्र नाही. पाम कर्नल तेलही गोठतं. बाटली गरम पाण्यात पाच मिनिटं उभी करा, गॅसवर नाही.

"बदाम हेअर ऑइल" लिहिलेल्या बाटलीची मागची बाजू वाचा. यादीत पहिलं खनिज तेल किंवा लिक्विड पॅराफिन असेल तर बदाम नावापुरता. ते विष नाही, चमक आणि घसरण देतं, पण मग बदामाची किंमत कशाला मोजायची?

रोझमेरीसारखी सुगंधी तेलं ३० मिली तेलात सहा थेंब. टाळूवर थेट कधीच नाही.

तेलाने नवे केस उगवत नाहीत. असलेले कमी तुटतात.

जवसाचं तेल रात्रभर डोक्यात ठेवायची सध्या टूम आहे. हेच तेल सुतार लाकडावर लावतात, कारण हवेत ते वाळून चिवट पापुद्रा धरतं. खायला घ्या. करडईचं तेलही लवकर खवट होतं, म्हणून लहान बाटली, गडद काच, आणि न्हाणीघरात नाही तर कपाटात. डबीत ओलं बोट घालायचं नाही, त्यासाठी काडी किंवा कोरडा चमचा आतच ठेवा. आणि जुन्या रंगाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागला की अर्धी बाटली उरली असली तरी ते डोक्याला लावू नका. दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला चालेल.