जीटीए ६ साठी पीसी अपग्रेड करताय? आधी एसएमपीएस बघा

जीटीए ६ या गेमची सध्या जाहीर असलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे आणि ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस यांच्यासाठी आहे. पीसीची तारीख गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने दिलेली नाही, पीसीला काय काय लागेल याचा तक्ताही नाही. त्यामुळे आज कुणी ‘जीटीए ६ रेडी’ म्हणून पीसी विकत असेल तर तो अंदाजाने विकतोय हे लक्षात ठेवा. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रॉकस्टारचाच रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ मध्ये, पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. म्हणजे वर्षभर ते दीड-पावणेदोन वर्षं. एवढ्या काळात ग्राफिक कार्डांचे (गेमचं चित्र तयार करणारा भाग) भाव आणि मॉडेलं दोन्ही बदलतात. तेव्हा कार्ड सगळ्यात शेवटी घ्यायचं. सगळ्यात आधी घ्यायचा तो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा.

हे इतक्या ठासून सांगायला कारण आहे. मागच्या अपग्रेडला मी कार्ड बदललं, रॅम वाढवली, एसएसडी टाकली आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस तसाच ठेवला. विंडोज चालू, ब्राउझर चालू, व्हिडिओ चालू, कुठेही कुरकुर नाही. पण गेम लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी, पंखे गप्प आणि पीसी आपोआप पुन्हा सुरू. निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद, आणि तिचा अर्थ फक्त इतकाच की पीसी नीट बंद न होता एकदम बंद पडला. मग रॅमच्या पट्ट्या अदलाबदल करा, विंडोज नव्याने टाका, ड्रायव्हर काढा-घाला, सगळं झालं. कार्डच खराब निघालं असं धरून ते परत द्यायची तयारी केली होती. कार्ड ठणठणीत होतं. त्याला वीजच पुरत नव्हती.

म्हणून आधी पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटचं पॅनेल उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात ‘४५०’ लिहिलेलं असेल, ते सोडा. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक तक्ता असतो: +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आपल्या कामाचा रकाना एकच, +१२ व्होल्टचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आपली बहुतेक सगळी वीज तिथूनच ओढतात. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. लेबलवर ४५० आणि कामाला येणार १९२. आता आरटीएक्स ३०६० कार्ड एकटं १७० वॅटचं आहे आणि कोअर आय५ १२४०० प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोरात, ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. बेरीज २८७. हे चालणार नाही, आणि चाललं तरी किती दिवस चालेल याची खात्री नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर. काही लेबलांवर १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने दिसतील. त्यांच्या अँपिअरची सरळ बेरीज करू नका, खाली दोघांचा मिळून जो कमाल वॅटचा आकडा छापलेला असतो तो खरा.

किती वॅटचा घ्यायचा? आरटीएक्स ५०६० कार्ड १४५ वॅटचं आहे, एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. आरटीएक्स ५०७० चे २५० वॅट, त्याला ६५० वॅट. माझं मत विचाराल तर आज ५५० वर थांबू नका, ६५० घ्या, मोठ्या कार्डाचा विचार असेल तर ७५०. गेम यायला वेळ आहे, तेव्हा कुठलं कार्ड घ्याल हे आज ठरलेलं नाही. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड बघा, पण तो शिक्का वीज किती वाया जाते हे सांगतो, एसएमपीएस किती टिकेल हे सांगत नाही. टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीवरून घ्या: ५ वर्षांच्या खाली घेऊ नका, ७ आणि १० वर्षांचेही मिळतात. एटीएक्स ३.० किंवा ३.१ (एसएमपीएससाठीची नवी नियमावली) लिहिलेला असेल तर उत्तम. आताची कार्डं क्षणाच्या बारीकशा तुकड्यासाठी आपल्या ठरलेल्या वॅटपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचतात. असे झटके न कोसळता सोसण्याची अट या नियमात घातलेली आहे. गेम अगदी ऐन धुमश्चक्रीत बंद पडतो तो याच झटक्यांनी.

आणखी एक गोष्ट, विशेषतः अकोला, नागपूर, जळगावकडच्या मंडळींसाठी. एसएमपीएसचे वॅट कुठल्या तापमानाला मोजलेत हे बघा. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांना पूर्ण ताकद देतो असं लिहून देतात. स्वस्तातले २५ अंशांवर मोजलेले असतात, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. मे महिन्यात खोलीच ३८-४० वर असते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तिथे २५ अंशांचं आश्वासन काय कामाचं?

दुकानात काय होतं तेही सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, कोटेशनमध्ये प्रोसेसर, बोर्ड, कार्ड सगळ्यांची कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं आणि एसएमपीएससमोर नुसतं ‘५०० वॅट’. किंवा ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. तिथे थांबा. कंपनी आणि पूर्ण मॉडेल लिहून मागा. बजेट बसत नसेल तर कॅबिनेट साधं घ्या, आरजीबी पंखे सोडा, कार्ड एक पायरी खालचं घ्या. एसएमपीएसमध्ये काटकसर करू नका.

आता केबल. कार्डाला ८ पिनची जोडणी लागते आणि जुन्या एसएमपीएसमध्ये ती केबलच नाही, मग दुकानदार मोलेक्स किंवा साटाचं (डिस्कला वीज देणाऱ्या केबलींचं) अडॅप्टर काढून देतो. घेऊ नका. त्या बारीक वायरी एवढ्या भारासाठी नसतात, प्लास्टिक वितळतं. मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) एसएमपीएस असेल तर केबल त्याच्याच खोक्यातल्या वापरा. जुन्याच्या केबल नव्यात बसतात म्हणून लावू नका: एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते, आणि १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले की एसएसडी जागच्या जागी जळते. नव्या कार्डांचा १६ पिनचा प्लग पूर्ण आत, फट न राहता बसला पाहिजे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे प्लग वितळले तेव्हा अर्धवट बसलेला प्लग हे त्यामागचं मोठं कारण निघालं.

भिंतीकडेही बघा. सॉकेटला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, तिसरं भोक असलं म्हणजे मागे वायर असतेच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच समजा. यूपीएस असेल तर त्याचे वॅट बघा: घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना लाइट गेली तर तो क्षणात हात टेकेल. आणि मग तुम्ही पुन्हा कार्डावर संशय घ्याल. १००० व्हीएच्या पुढचा घ्या, नाहीतर गेमिंग पीसी त्यावर लावू नका.

एसएमपीएस झाला? लेबल वाचलं? मग कार्डाकडे या.

रॉकस्टारने पीसीचे आकडे दिलेले नसले तरी काही अंदाज पक्क्या पायावर बांधता येतो. गेम सिरीज एसवरही येतोय, आणि त्या डब्यात १० जीबी मेमरी आणि सुमारे ४ टेराफ्लॉपचं (ग्राफिकच्या ताकदीचं माप) ग्राफिक आहे. तेव्हा हा गेम फक्त लाखभराच्या कार्डावरच उघडेल असं घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका. पण या सगळ्या कन्सोलमध्ये हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची सोय) आहे. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंग नसलेल्या कार्डांना दारातच अडवतात. जीटीए ६ ही तसंच करेल असं मी म्हणत नाही, पण ती सोय नसलेल्या जीटीएक्स १०६० किंवा १६६० वर आशा ठेवून बसू नका. नवं कार्ड घेताना ८ जीबी मेमरीचं घेऊ नका, १२ किंवा १६ जीबी बघा. टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) मेमरीत मावले नाहीत की गेम अडखळतो आणि त्यावर पुढे काही इलाज नसतो. मदरबोर्ड जुना असेल, पीसीआयई ३.० चा (कार्ड बसतं त्या स्लॉटची जुनी पिढी), तर आणखी एक बारकावा: आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० सारखी कार्डं आठच लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) वापरतात, जुन्या बोर्डावर त्यांचा रस्ता अर्धा किंवा त्याहूनही अरुंद होतो, आणि मेमरी भरली की ते जाणवतं. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये टेपने मोजा. आणि निवडलेल्या कार्डाच्या पानावर सुचवलेले वॅट लिहिलेले असतात, ते एसएमपीएसच्या लेबलशी ताडून बघा. कंपनीने ओव्हरक्लॉक केलेलं (वेग वाढवलेलं) मॉडेल असेल तर त्याचे वेगळे आकडे बघा, ते जास्त असतात.

प्रोसेसर. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या दोन्ही सिरीजमध्ये ८ कोअरचे, एएमडीच्या झेन २ पिढीचे प्रोसेसर आहेत. मोठं शहर, गर्दी, वाहतूक हा सगळा भार प्रोसेसरवर येतो, त्यामुळे ४ कोअरवाल्यांनी बदलायची तयारी ठेवावी. सहा कोअर, बारा थ्रेडचा अलीकडच्या पिढीचा असेल तर आज हात लावू नका. एएम४ (एएमडी प्रोसेसरचा मागच्या पिढीचा सॉकेट) बोर्डवाल्यांनी बोर्ड फेकून देऊ नये. बहुतेक बी४५० बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० सिरीजचा प्रोसेसर बसतो. बायोस अपडेट मात्र यूपीएसवर करा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो.

रॅम १६ जीबी तरी हवीच, ३२ असली तर निवांत. पण २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे भाव भडकले आहेत, त्यामुळे १६ असतील तर ३२ साठी आत्ता धावू नका. एकच पट्टी असेल तर तेवढी दुसरी, त्याच वेगाची घ्या. दोन पट्ट्यांचा फरक गेममध्ये स्वच्छ दिसतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम छापलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते.

हार्ड डिस्कवर गेम टाकायचे दिवस गेले. ‘स्टारफील्ड’ने २०२३ मध्येच एसएसडी सक्तीची केली. बोर्डाला एम.२ स्लॉट असेल तर १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. रेड डेड २ ने १५० जीबी मागितले होते, त्यावरून जागेचा हिशोब करा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ वर या. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीच्या सुरक्षेच्या दोन सोयी) बायोसमध्ये चालू करून ठेवा, ‘बॅटलफील्ड ६’ त्याशिवाय उघडतच नाही. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सिक्युअर बूटच्या आधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते, त्याआधी बॅकअप घ्या.

मॉनिटर असेल तोच ठेवा. १०८० पी ला खेळणार असाल तर खर्चिक कार्डाची गरजही कमी. केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये १४४ निवडा.

धूळ काढा. प्रोसेसरची पेस्ट जुनी असेल तर बदला.

पक्कं बिल घ्या, सीरियल नंबरासकट. खोकी ठेवा. एसएमपीएसचं बिल वेगळ्या ओळीत लिहून घ्या, ‘कॅबिनेट सेट’मध्ये मिसळलेलं नको, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. सामान आलं की बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एखादा जड गेम अर्धा-पाऊण तास सलग चालवून बघा, दुपारच्या उन्हात, फ्रेमची मर्यादा काढून. पीसी आपोआप बंद पडला तर कुठे बघायचं हे आता माहीत आहे.

डाउनलोडचा हिशोबही धरून ठेवा. १५० जीबीला ४० एमबीपीएसच्या लाइनवर आठ तासांच्या वर लागतात, आणि तेही वेग पूर्ण मिळाला तर. प्लॅनला महिन्याची डेटा मर्यादा असेल तर महिनाअखेरीला सुरू करू नका.