रेसच्या घोड्यांचे संदर्भग्रंथ : घेताना आणि वाचताना या चुका टाळा

कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे, पण थरोब्रेडची, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांची शर्यत बघायची तर पावसाळ्यात पुणे नाहीतर हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी गाठावं लागतं. एरवी इथला शौकीन पुस्तकांवर भागवतो, तीही बहुतेक जुनी, ऑनलाइन मागवलेली. घोटाळे तिथेच होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा रेटिंगचा, म्हणजे घोड्याच्या कामगिरीला दिलेल्या गुणांचा. फ्रँकेल या ब्रिटिश घोड्याला टाइमफॉर्म या रेटिंग छापणाऱ्या ब्रिटिश प्रकाशनाने 147 दिले, तर अधिकृत जागतिक क्रमवारीत त्याचे 140 आहेत. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, फक्त मोजपट्ट्या वेगळ्या. शिवाय छापलेला आकडा पुढे बदलूही शकतो. डान्सिंग ब्रेव्ह या घोड्याचे 1986चे अधिकृत 141 गुण 2013मध्ये मागे जाऊन 138 केले गेले. तुमचं पुस्तक त्याआधीचं असेल, तर त्यात फ्रँकेलपेक्षा डान्सिंग ब्रेव्ह वरचढ दिसणार. वाद घालायला बसण्याआधी पुस्तकाचं साल बघा. विकणाऱ्याने फक्त कव्हरचा फोटो टाकला असेल, तर आतल्या पानाचाही मागा.

नावावर तर विसंबूच नका. इल्युसिव्ह पिम्परनेल म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 1980च्या दशकातला भारतीय घोडा आठवतो. त्याच नावाचा एक अमेरिकेत जन्मलेला घोडा 2007चा आहे, तो इंग्लंडमध्ये धावला. नावापुढचं देशाचं संक्षिप्त रूप आणि जन्मसाल जुळल्याशिवाय वंशावळ उतरवून घेऊ नका.

भावंडांचंही तसंच. बाप एक आणि आया वेगळ्या असलेल्या शिंगरांना रेसच्या जगात हाफ-ब्रदर म्हणत नाहीत. ते नातं फक्त आईकडून धरतात. कारण सरळ आहे. घोडी वर्षाला एक शिंगरू देते, तर नावाजलेल्या घोड्याची एका हंगामात शंभरावर होतात. जनरल स्टड बुक म्हणजे थरोब्रेडच्या वंशावळींची ब्रिटिश नोंदवही; तिची मांडणीही बापांच्या नव्हे, आयांच्या नावाने असते. बापाचं नाव शोधत पानं उलटणारे मग पुस्तकालाच नावं ठेवतात! त्यात शर्यतींचे निकालही नसतात, त्यासाठी फॉर्मबुक, म्हणजे शर्यतींच्या निकालांचं पुस्तक, वेगळं घ्यावं लागतं. महागडा खंड मागवण्याआधी एवढं माहीत हवं.

वय काढताना ऑस्ट्रेलियाचा घोडा असेल तर जपून. जन्म कधीही झालेला असो, तिकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस 1 ऑगस्टला धरतात, आपल्याकडे 1 जानेवारीला.

वेळेची तुलनाही सांभाळून करा. जुन्या पुस्तकांत अंतर फर्लांगात असतं, एक फर्लांग साधारण 201 मीटर. दीड मैल म्हणजे 2414 मीटर, आणि आजची आपली इंडियन डर्बी 2400 मीटरची. वरचे 14 मीटर कापायला घोड्याला जवळजवळ एक सेकंद लागतो, म्हणजे पाच-सहा लेंग्थचा (घोड्याच्या लांबीचा) फरक.