हॉकी कार्डांचा खोका कसा उघडावा

बेळगावात हॉकी म्हटले की मैदानावरची हॉकीच डोळ्यांसमोर येते, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील बंडू पाटील हे याच गावचे. ज्या संग्राह्य कार्डांविषयी मी लिहीत आहे ती मात्र आइस हॉकीची, उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या म्हणजे एनएचएलच्या खेळाडूंची चित्रे छापलेली असतात. हा छंद असणारी माणसे आपल्या भागात मोजकी आहेत. बेळगाव, निपाणी, खानापूर अशी विखुरलेली ही मंडळी परदेशातून कार्डांच्या बंद पाकिटांचा खोका मागवतात, महिनाभर वाट पाहतात आणि तो हातात पडल्यावर दहा मिनिटांत सगळी पाकिटे फाडून मोकळी होतात. बंद खोका एकदाच उघडता येतो, म्हणून तो कसा उघडावा याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

पहिला प्रश्न तो उघडावा की नाही हा आहे. ओ-पी-ची या कॅनडातील कंपनीने १९७९-८० च्या हंगामात काढलेल्या ३९६ कार्डांच्या संचात आइस हॉकीतला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा खेळाडू वेन ग्रेट्झकी याचे पदार्पणाचे कार्ड १८ व्या क्रमांकावर होते. अत्युत्तम स्थितीतले, दहापैकी दहा गुण मिळालेले असे एक कार्ड २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. १९७९-८० च्याच कार्डांची एक न उघडलेली अख्खी पेटी कॅनडात सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लिलावात तिला ३७ लाख २० हजार डॉलरची बोली मिळाली. त्या पेटीत १६ खोके, प्रत्येक खोक्यात ४८ पाकिटे आणि प्रत्येक पाकिटात १४ कार्डे, म्हणजे एकूण १०,७५२ कार्डे होती. आत नेमके काय निघेल हे कोणालाच ठाऊक नसताना केवळ बंद असण्याला इतके मोल आले. आपल्या हाती येणारे खोके अर्थातच अलीकडचे आणि साधे असतात, तरीही खोका जुना असेल तर उघडण्यापूर्वी त्याची बंद स्थितीतली किंमत पाहून घ्यावी.

दुसरा प्रश्न अपेक्षेचा आहे आणि इथे गणित मांडणे भाग आहे. अप्पर डेक या कंपनीची ‘सिरीज वन’ आणि ‘सिरीज टू’ ही सर्वाधिक उघडली जाणारी मालिका आहे. तिच्यात नवोदित खेळाडूंची ‘यंग गन्स’ नावाची कार्डे असतात आणि संग्राहकांचा सगळा जीव त्यांच्यातच अडकलेला असतो. २००५-०६ मधील सिडनी क्रॉस्बीचे कार्ड, २०१५-१६ मधील कॉनर मॅकडेव्हिडचे आणि २०२३-२४ मधील कॉनर बेडार्डचे ही त्यांतली ठळक नावे. अनेक वर्षे ‘हॉबी’ म्हणजे कार्डांच्या खास दुकानांसाठी काढलेल्या खोक्याची रचना २४ पाकिटे आणि प्रत्येकी ८ कार्डे अशी राहिली आणि सरासरीने चार पाकिटांमागे एक यंग गन्स कार्ड मिळत असे, म्हणजे खोक्यामागे सहा. पाकिटांची संख्या वर्षागणिक बदलते, तेव्हा खोक्यावर छापलेला मजकूर वाचूनच हिशेब करावा. सिरीज वनमध्ये २०० साधी कार्डे आणि ५० यंग गन्स धरली, तर २४ पाकिटांच्या एका खोक्यातल्या १९२ कार्डांतून साधा संचसुद्धा पुरा होत नाही. यंग गन्सचा पूर्ण संच व्हायला एकही कार्ड दुबार न येता किमान नऊ खोके लागतात आणि मनात धरलेला एखादा विशिष्ट खेळाडू एका खोक्यात निघण्याची शक्यता साधारण आठात एक एवढीच उरते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एकच खेळाडू हवा असेल तर ते सुटे कार्ड विकत घ्यावे. खोका घ्यावा तो संच जमवण्यासाठी, न पाहिलेले खेळाडू ओळखीचे व्हावेत म्हणून आणि उघडण्याच्या त्या तासाभराच्या आनंदासाठी. पाकिटावरचे प्रमाण ही पुष्कळ पाकिटांची सरासरी असते, हातातल्या पाकिटाला ती बांधून घेत नाही.

खोका मागवताना त्याच्या किमतीत वाहतूक, सीमाशुल्क आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क मिळवूनच परवडते की नाही ते ठरवावे. सुटी पाकिटे शक्यतो घेऊ नयेत, कारण खेळाडूच्या जर्सीचा कापडी तुकडा बसवलेली कार्डे जाड असल्याने पाकीट वजन करून किंवा बोटांनी चाचपून निवडता येते आणि उरलेली पाकिटे आपल्या माथी मारली जाऊ शकतात. (या चाचपणीला आळा बसावा म्हणून काही मालिकांत जाड कोरी कार्डेही मुद्दाम घातलेली असतात.) पार्सल आल्यावर बाहेरचे वेष्टन काढण्यापासून मोबाइलवर चित्रीकरण सुरू ठेवावे आणि ते मध्ये थांबवू नये. माझा एक खोका कोपरा चेपलेल्या अवस्थेत आला होता आणि आतल्या एका बाजूच्या सगळ्या पाकिटांतल्या कार्डांचा तोच कोपरा दबलेला निघाला. चित्रीकरण नसल्यामुळे तक्रारीला आधारच उरला नाही. खोक्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण सर्व बाजूंनी घट्ट आहे का, त्यावर कंपनीचे चिन्ह आहे का आणि कुठे पुन्हा चिकटवल्याची खूण तर नाही ना, हे कॅमेऱ्यासमोर सहाही बाजू फिरवून पाहावे.

आता आपल्या भागाची खरी अडचण, म्हणजे हवा. कार्ड उघडण्याविषयीची बहुतेक माहिती कोरड्या, थंड देशांतली माणसे लिहितात. जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत बेळगाव-खानापूर पट्ट्यात भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात आणि कपाटातल्या चपला बुरसटतात, हे त्यांच्या गावीही नसते. चकचकीत कार्डाच्या पुढच्या बाजूला फॉइलचा थर असतो आणि मागे कागद. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, फॉइल फुगत नाही, त्यामुळे कार्ड पुढच्या बाजूकडे वाटीसारखे वळते. निपाणीच्या तंबाखूवाल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, कारण पान कधी नरमते आणि कधी कडक होऊन चुरते, हे हवेवरून ओळखण्यातच त्यांचे आयुष्य गेलेले असते. अथणी-रायबागकडच्या कोरड्या उन्हाळ्यात याच्या उलट घडते आणि कार्ड मागे वाकते. मी एकदा जुलैच्या भर पावसात, खिडकी उघडी ठेवून खोका उघडला होता. कार्डे निघाली तेव्हा सरळ होती, पण उघडीच टेबलावर राहिलेली चकचकीत कार्डे दुसऱ्या दिवशी सकाळी कडांनी उचललेली दिसली. पावसाळ्यात खोका आला तर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून उघडीप मिळेपर्यंत थांबावे. थांबणे शक्य नसेल तर खिडक्या बंद कराव्यात आणि प्रत्येक कार्ड निघताक्षणी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे. वळलेले कार्ड इस्त्रीने किंवा उलट वाकवून सरळ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. स्लीव्हमध्ये घालून, दोन सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये, हलक्या वजनाखाली, सिलिका जेल असलेल्या डब्यात काही आठवडे ठेवले तर ते बऱ्याच अंशी सपाट होते.

उघडण्याच्या दिवशी टेबल रिकामे करून त्यावर स्वच्छ, जाडसर सुती चादर अंथरावी, म्हणजे हातातून निसटलेले कार्ड कोपऱ्यावर आपटणार नाही. पंखा बंद करावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. हातमोजे मी वापरत नाही, कारण सुती मोज्याचा धागा कोपऱ्याला अडकतो. चहा, चिवडा आणि आल्यागेल्यासाठी आणलेला कुंदा हे सगळे दुसऱ्या खोलीत ठेवावे, कारण तुपाचा एक ठसा चकचकीत पृष्ठभागावरून पुसताना आणखी ओरखडे पडतात. साध्या स्लीव्ह, दहा-बारा टॉपलोडर (वरून उघडी, कडक प्लॅस्टिकची पाकिटे), एक वही, पेन आणि कचऱ्यासाठी पिशवी एवढे साहित्य आधीच हाताशी असावे, कारण हाती मोलाचे कार्ड असताना स्लीव्ह शोधत फिरणे हेच नुकसानीचे सर्वांत मोठे कारण असते. खोका दोघांनी मिळून घेतला असेल, किंवा भाचे-पुतणे सोबत बसणार असतील, तर कोणाच्या पाकिटातले कार्ड कोणाचे, हे पहिले पाकीट फाडण्याआधीच ठरवून वहीत लिहावे.

खोक्याचे आवरण काढताना ब्लेड किंवा सुरी वापरू नये. आवरणाच्या सांध्यात नख घालून ते सोलावे. पाकीट उघडण्याची माझी रीत अशी आहे: पाकीट उभे धरून हलकेच झटकावे, म्हणजे कार्डे खालच्या टोकाला जातात आणि वरची दातेरी पट्टी मोकळी होते. मग पाकिटाच्या मागची उभी शिवण दोन्ही अंगठ्यांनी अलगद विलग करावी. वरची पट्टी ओढून फाडली तर फाटण्याच्या झटक्यात पहिल्या कार्डाची वरची कड दुमडू शकते, शिवणीतून उघडले तर आवरण पानासारखे पसरते आणि गठ्ठा तसाच्या तसा हातात येतो. तो कडांनी धरावा, पुढच्या बाजूला बोट लावू नये. आपल्याकडे पत्ते पिसण्याची हाताची सवय इतकी पक्की असते की गठ्ठा हाती येताच अंगठा आपोआप कोपऱ्याकडे जातो, त्याला आवर घालावा लागतो. कार्डे एकमेकांवरून सरकवू नयेत, वरचे कार्ड उचलून बाजूला ठेवावे आणि मग दुसरे पाहावे. विशेष कार्ड बहुधा गठ्ठ्याच्या मध्ये असते, तेव्हा पहिली दोन-तीन साधी निघाली म्हणून घाई करण्याचे कारण नाही. १९९० च्या दशकातली चकचकीत कार्डे दमट हवेत एकमेकांना चिकटून विटेसारखी झालेली असतात. असा गठ्ठा ओढून सोडवू नये, दोन्ही हातांत धरून अगदी किंचित इकडेतिकडे वाकवावा आणि चिकटलेली कार्डे आपोआप सुटू द्यावीत.

प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी पाहावे. एकच चित्र असलेले कार्ड साध्या, रंगीत, चकचकीत अशा अनेक आवृत्त्यांत निघते आणि फरक कधीकधी केवळ एका छोट्या क्रमांकात असतो. ‘१७/१००’ असे छापलेले असेल तर ती आवृत्ती शंभरच कार्डांची आणि हे त्यांतले सतरावे. यंग गन्सच्या ‘एक्सक्लुझिव्ह्ज’ आवृत्तीची शंभर आणि ‘हाय ग्लॉस’ची केवळ दहा कार्डे निघतात, त्यामुळे हा क्रमांक नजरेतून सुटला तर मोलाचे कार्ड साध्या ढिगात जाऊन पडते. खेळाडूची सही असलेल्या कार्डाऐवजी कधी कंपनीचे बदली कार्ड निघते, त्यावरचे संकेतांक कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवल्यावर मूळ कार्ड पाठवले जाते. त्यावर मुदत छापलेली असते, म्हणून नोंदणी त्याच दिवशी करावी आणि संकेतांक दिसेल असे छायाचित्र कोणालाही पाठवू नये.

विशेष कार्ड आधी स्लीव्हमध्ये आणि मग टॉपलोडरमध्ये जाते. स्लीव्हचे तोंड किंचित दाबून फुगवावे, कार्डाचा एक कोपरा आत टेकवावा आणि दुसरा हलकेच सोडावा. दोन्ही कोपरे एकदम ढकलले तर प्लॅस्टिकची कड एखाद्या कोपऱ्यात रुतते. टॉपलोडर जाडीनुसार घ्यावा लागतो आणि ही जाडी ‘पॉइंट’मध्ये मोजतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साधे कार्ड ३५ पॉइंटच्या टॉपलोडरमध्ये बसते, जर्सीचा तुकडा बसवलेल्या कार्डाला त्याहून जाड, कधी १३० पॉइंटचाही टॉपलोडर लागतो. उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणारा माझा मित्र व्हर्निअरने जाडी मोजून देतो, त्यामुळे अंदाजाने मागवलेले टॉपलोडर वाया जात नाहीत.

सगळी पाकिटे उघडून झाल्यावर कार्डे मागच्या क्रमांकांनुसार लावावीत, आधी शेकड्यांचे ढीग आणि मग दशकांचे, आणि नसलेले क्रमांक वहीत उतरवावेत. दुबार कार्डे वेगळी बांधावीत, पण रबरबँडने नव्हे. रिकामी पाकिटे टाकण्यापूर्वी एकेक उलटी करून झटकावी, कारण आतल्या बाजूला चिकटून राहिलेले कार्ड मला एकदा कचऱ्याच्या पिशवीतून काढावे लागले होते.

साठवणीसाठी पीव्हीसी नसलेली अल्बमची पाने किंवा पुठ्ठ्याचे लांब डबे वापरावेत. हे डबे बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा जमिनीलगतच्या खणात ठेवू नयेत. कसर लागेल या भीतीने त्याच खणात डांबरगोळ्या टाकण्याचीही सवय आपल्याकडे आहे, पण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते, तेव्हा कार्डांच्या डब्यापासून त्या दूरच ठेवाव्यात. सिलिका जेलच्या पुड्या मृगापूर्वी एकदा आणि श्रावणात एकदा बदलाव्यात, आणि दसऱ्याला कपाट आवरताना एकेक डबा उघडून कार्डांच्या कडा सरळ आहेत ना हे पाहून घ्यावे.