मंगळाखालचा रडारपट कसा वाचावा

मी रस्त्याखालच्या पाइपलाइनी शोधायला रडारची गाडी ढकलतो. नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स या गाडीवर जमिनीखाली बघणारा असाच एक रडार आहे, रिमफॅक्स. त्याचा पट, म्हणजे परतलेल्या लहरींचं चित्र, पहिल्यांदा पाहिला, तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपली रोजचीच रेघोट्यांची चादर!

आधी उभा अक्ष बघा. मूळ पटावर तिथे खोली नसते, जमिनीत सोडलेली रडारची लहर परतायला लागलेला वेळ असतो, नॅनोसेकंदांत. तो निम्मा करून वेगाने गुणा. घट्ट बेसाल्टमध्ये वेग साधारण 0.1 मीटर प्रति नॅनोसेकंद, म्हणजे 100 नॅनोसेकंदांचे 5 मीटर झाले. बर्फात वेग 0.17च्या आसपास. वेग चुकला की खोली चुकलीच. (माझा कागदावर दीड मीटरवरचा पाइप एका मीटरवरच लागला होता. जेसीबीला.)

वेग कळायचा कसा? उलट्या कढईसारखी कमान शोधा. ती बहुधा पुरलेल्या धोंड्याची. तेवढ्याच वेळेवरची कमान जितकी पसरट, तितका वेग जास्त.

रिमफॅक्स 150 ते 1200 मेगाहर्ट्झवर चालतो. कमी वारंवारिता खोल जाते, पण बारकावे पुसते. आमच्या ओल्या काळ्या मातीत लहर लवकर मरते. पर्सिव्हिअरन्स उतरली ते मंगळावरचं जेझेरो विवर कोरडं, म्हणून 10 मीटरखालचेही थर दिसतात.

आणि गाडी कुठेही गेली तरी एकाच वेळेवर सरळ धावणारी रेघ दिसली, तर हुरळू नका. ती बहुतेक यंत्राचीच गुणगुण.