कॅन्सर संशोधकाचे सायटेशन मोजताय? या चुका टाळा

सायटेशन म्हणजे एका शोधनिबंधाचा दुसऱ्या निबंधात दिलेला संदर्भ. निवडीसाठी कॅन्सर संशोधकाची फाइल हातात आली की नवशिके काय करतात? शोधनिबंध शोधायचं गूगल स्कॉलर उघडतात, कोपऱ्यातला एच-इंडेक्स (प्रत्येकी किमान १० सायटेशन असलेले १० निबंध असले की तो १०) टिपतात आणि फाइल मिटतात. दोन मिनिटांचं काम. ते निस्तरायला मग आमच्यासारख्यांचा आठवडा जातो.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत 'वांग वाय' एवढंच टाकून बघा. हजारोंनी निबंध येतात, आणि ते कितीतरी वेगवेगळ्या लोकांचे असतात. स्कॉलरच्या प्रोफाइलला नवे निबंध आपोआप जोडून घेण्याची सोय आहे. ती चालू करून प्रोफाइलचा मालक विसरून जातो.

एकदा निवड समितीपुढे स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या एका उमेदवाराची फाइल होती. आकडे डोळे दिपवणारे, दोघे सदस्य आधीच माना डोलवत होते. मी यादी वर्षाप्रमाणे लावली आणि तळापर्यंत उतरत गेले. तळाशी निघाले हा गडी शाळेत असतानाचे निबंध, तेही वेल्डिंगच्या सांध्यांवर! आडनाव तेच, आद्याक्षरं तीच. त्या परक्या माणसाचं सगळं काढलं तर एच-इंडेक्स निम्म्यावर आला. उमेदवाराने लबाडी केली नव्हती, बिचाऱ्याने प्रोफाइल उघडूनच पाहिलं नव्हतं. पण समितीचा सूर बदलला तो बदललाच.

उलटही होतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं आधीचं काम भलतीकडेच पडून राहतं. म्हणून मी आधी ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या स्वतंत्र ओळखीचा, १६ अंकी क्रमांक घेते, मग कुठल्या वर्षी कुठल्या संस्थेत होते ते लावते, मग सहलेखक बघते. ऑर्किडची यादीही बहुधा लेखकानेच भरलेली असते, त्यामुळे तीसुद्धा डोळे मिटून घेत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या तीन सूचींचे आकडे एका तक्त्यात कालवू नका. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच खुले केलेले निबंध) मोजतं. आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहा.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर लेखकाच्या कपाळी चिकटवू नका. तो त्या नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या निबंधांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी सांगतो, आणि ती सरासरी मोजके निबंधच वर ओढतात.

एच-इंडेक्स हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. दोनच निबंध आणि प्रत्येकाला १०,००० सायटेशन असले तरी तो २ च राहतो. शिवाय वयाबरोबर तो वाढतच जातो. तरुण माणसाची निवृत्तीला आलेल्याशी त्यावरून तुलना करणाऱ्यांना मी उत्तर देणंही सोडलंय.

मोठ्या आकड्यामागे काय आहे ते न बघणं

'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स' या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर शेकड्यांत असतो. कारण सरळ आहे. त्यात दरवर्षी कॅन्सरची आकडेवारी छापून येते आणि 'एवढ्या लोकांना हा आजार होतो' असं पहिलं वाक्य लिहिणारा प्रत्येक जण तिचा संदर्भ देतो. हॅनाहन आणि वाइनबर्ग यांनी कॅन्सरच्या ठळक लक्षणांवर 'सेल' या नियतकालिकात २००० आणि २०११ मध्ये लिहिलेल्या लेखांना हजारोंनी संदर्भ मिळाले. ते आढावे आहेत, आणि उत्तम आहेत. पण आढाव्याचे आणि स्वतः केलेल्या प्रयोगाचे सायटेशन मी एका रांगेत ठेवत नाही. जागतिक आजारभाराच्या अभ्यासांत तर शेकडो लेखक असतात आणि पूर्ण आकडा प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो.

माझी पद्धत अडाणी वाटेल. सर्वाधिक सायटेशनचे तीन निबंध झाकायचे आणि उरलेलं वाचायचं. नाव यादीत कुठे आहे तेही बघायचं. आमच्याकडे सहसा पहिला प्रत्यक्ष राबलेला असतो आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख. मधल्या बाविसाव्या नावाने काय केलं ते योगदानाच्या टिपेत सापडतं, ती उघडायचा कंटाळा करू नका.

लहान मुलांच्या दुर्मीळ गाठींवर काम करणारे मुळात थोडे, त्यामुळे त्यांचे आकडे लहानच दिसणार. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या आयसाइट या संकेतस्थळावर रिलेटिव्ह सायटेशन रेशो (सायटेशनचं तुलनात्मक प्रमाण) फुकट मिळतो, तो क्षेत्र आणि वर्ष धरून काढलेला असतो. निदान तेवढा तरी बघा.

आणि मागे घेतलेले निबंध. त्यांचे सायटेशन एकूण आकड्यातून आपोआप वजा होत नाहीत, उलट नंतरही लोक ते उद्धृत करत राहतात. पबमेडवर अशा निबंधाच्या डोक्यावर तशी सूचना लावलेली असते. यादी दोनशेची असली तरी मी तिथे एकेक शीर्षक टाकून बघते.