मोटर चालू केली की पाइपाचा एल्बो (वळणाचा जोड) का निसटतो?

एल्बो पाण्याला वळवतो, म्हणजे आतल्या बाजूला ढकलतो. तेवढ्याच जोरानं पाणी एल्बोला बाहेर ढकलतं. बळं सारखी असली तरी एकमेकांना खोडत नाहीत, कारण एक पाण्यावर लागतं, दुसरं एल्बोवर. 75 मिमी पाइपाचा आतला छेद साधारण 40 चौ. सेंमी. दाब दर चौ. सेंमीला 2 किलो धरा: दोन्ही तोंडांवर 80-80 किलो, काटकोनात मिळून जवळपास 113 किलो! नुसतं सोल्युशन (पाइप चिकटवायचं रसायन) किती दिवस टिकणार? वळणाच्या बाहेरच्या अंगाला, न खणलेल्या मातीला भिडवून काँक्रीटचा ठोकळा भरा. मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ठोकळ्यामागं पोकळी पडते. म्हणून भेगांच्या खाली, घट्ट थरापर्यंत जा. व्हॉल्व्ह मात्र हळूहळूच उघडायचा.